साडेसात घरांचा माळढोक

मल्लेशम अण्णांनी मला पहिल्यांदा कॅमेऱ्याबद्दल विचारलं तेव्हा मला वाटलं, त्यांच्या घरात कुणाचं तरी लग्न ठरलंय.

"माने, लांबचं जवळ आणतो तसला कॅमेरा जुना कुठं मिळंल?"

"लग्नात लांबचं कशाला लागतंय अण्णा? स्टेजजवळ जाऊन काढायचे की फोटो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लग्न कुणाचं आहे?"

"तुमच्याकडंच नाही का?"

"असंल. मला घरात कुणी सांगत नाही," असं म्हणून ते आपल्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी बायकोला विचारून आले आणि लग्न कुणाचंच नसल्याचं मला गंभीरपणे सांगितलं. कॅमेऱ्याचा विषय तेवढ्यापुरता राहून गेला.

अण्णांशी बोलताना असं व्हायचं. दोघांनी बोलायला सुरुवात करावी आणि थोड्या वेळानं दोघांनाही कळू नये की आपण नेमके कुठं आहोत.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा चादरींचा कारखाना होता. मी पार्सलं रवाना करायचो आणि अण्णा नक्षी काढायचे. चादरीवरचा मोर किंवा कमळ आधी चौकटीच्या कागदावर उतरतं. त्या कागदावरची एकेक चौकट म्हणजे मागावरचा एकेक धागा. चौकट भरली तर धागा वर, रिकामी ठेवली तर खाली. त्याप्रमाणे पुठ्ठ्यांना भोकं पाडतात आणि ते पुठ्ठे मागाला नक्षी सांगतात. अण्णा त्या चौकटींना 'घरं' म्हणायचे. पन्नाशीचा हा बारीक माणूस डोळ्यांवर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा लावून दिवसभर घरं भरत बसायचा. काम फारच बारीक असलं की कपाळावरचा चष्मा खाली ओढून पहिल्याच्या पुढं लावायचा. आमच्याशी मराठी बोलणारे अण्णा मोजायला लागले की तेलुगूत शिरायचे. "ओकटी, रेंडू, मूडू" असं पुटपुटणं चालू असलं की मालकसुद्धा दारात थांबायचे.

मोजायची त्यांना इतकी सवय होती की रस्त्यात उभं राहूनसुद्धा ते एक डोळा मिटायचे, अंगठा आणि बोट हवेत धरायचे आणि समोरच्या माणसाची उंची त्यात पकडायचे. एकदा जकात नाक्यावर त्यांनी एका हवालदाराला असं पकडलं होतं. हवालदारानं विचारलं, काय करायलास? अण्णा म्हणाले, "बावीस." तिथून त्यांना सोडवून आणायला मला जावं लागलं.

मी कारखान्यात नवा असतानाची गोष्ट. एका घाण्यातल्या सगळ्या चादरींवर मोराचा डोळा गळ्यावर आला. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझी पार्सलं बांधून झाली होती. अण्णा स्वतः ती चादर घेऊन मालकांपुढं गेले. मालक म्हणाले, "जाऊ द्या, गिऱ्हाईक पांघरतंय, मोराच्या डोळ्यात बघत बसत नाही." अण्णांनी ऐकलं नाही. "मोराचं काही चुकलेलं नाही मालक. माझंच एक घर चुकलंय," म्हणाले. चार दिवस घरी जेवायला न जाता त्यांनी कागद पुन्हा काढला. ती बांधलेली पार्सलं मी पुन्हा उघडली.

असा माणूस. म्हणूनच माळढोकाच्या भानगडीत त्यांना पडलेलं बघून मी चक्रावलो.

मोठ्या दुष्काळानंतरचं दुसरं-तिसरं वर्ष असेल. मालकांना नवी नक्षी हवी होती. मोर, हत्ती, कमळ सगळेच काढत होते. अण्णांनी एक कागद पुढं ठेवला. त्यावर दोन पक्षी एकमेकांसमोर उभे होते. त्यांची मान फुगून पिशवीसारखी पार जमिनीपर्यंत लोंबत होती आणि शेपटी पाठीवर उलटी पडली होती.

"हे काय काढलंय अण्णा? पखाली घेतलेले बगळे?" मालक म्हणाले. खोलीतले सगळे हसले.

"माळढोक आहे. पावसाळ्यात नर असा फुगतो आणि घुमतो. नान्नजच्या माळावर बघितलाय मी."

"कधी?"

"बारा वर्षांचा होतो. भाऊ होता बरोबर."

अण्णांचा थोरला भाऊ राजय्या. लहानपणी दोघं लुगड्यांचं गाठोडं घेऊन बार्शीच्या रस्त्यानं गावोगावच्या बाजारांना चालत जायचे. त्याच वाटेवर त्यांनी हा पक्षी पाहिला होता. राजय्या जाऊन तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती.

मालकांनी कागद परत केला. "असला प्राणी नसतो अण्णा. असला तर फोटो दाखवा, लगेच मागावर घालतो."

त्या दिवशी डबा खाताना अण्णा मला म्हणाले, "भाऊ होता तोवर आम्ही दोघांनी बघितलेलं होतं. आता ते मी एकट्यानंच बघितलंय असं झालंय. मध्येच वाटतं, बघितलंय का?"

कॅमेरा कशाला हवा होता ते मला तेव्हा कळलं. पण पुरतं कळलं असं नाही. नक्षीसाठी हवा होता की भावासाठी, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

मग सुरू झाली कॅमेऱ्याची निवड. ती सहा महिने चालली आणि त्यात आम्ही दोघंही पुरते गोंधळून गेलो. ज्याला विचारावं तो वेगळं सांगायचा. एका ओळखीच्या मास्तरांनी सांगितलं, जपानी घ्या, त्यात उजेड मोजायचा काटा असतो. फौजेतून आलेले शेजारी म्हणाले, जर्मन घ्या, बाकी सगळी खेळणी. माझ्या मेव्हण्याच्या मित्रानं सांगितलं, रशियन घ्या, स्वस्त आहे आणि मजबूत आहे. अण्णा प्रत्येकाचं मान हलवून ऐकायचे आणि प्रत्येकाकडून जास्त गोंधळून परत यायचे. नवा कॅमेरा आमच्या आवाक्यात नव्हताच. दोन पगारांत बसेल असा जुना हवा होता, आणि तोही ज्याला पुढं लांबचं भिंग लावता येईल असा.

साखर पेठेत रझाकभाईंचा स्टुडिओ होता. त्यांच्या कपाटात तीन जुने कॅमेरे होते, एक जपानी, एक पूर्व जर्मनीचा, एक रशियन. अण्णा दर रविवारी सकाळी तिथं जाऊन बसायला लागले. मीही जायचो, कारण एकटे गेले तर काय ठरवून येतील याची मला धास्ती वाटायची.

तिसऱ्या रविवारी रझाकभाई वैतागून म्हणाले, "अण्णा, तुमे लेते क्या नुस्ता हाथ लगाते?"

"हात लावल्याशिवाय कळत नाही," अण्णा म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी एक गोष्ट केली. जपानी कॅमेऱ्याचं भिंग फिरवून काढलं आणि रशियनला लावलं. ते बसलं. रशियनचं जर्मनला लावलं. तेही बसलं. तिन्हींचे आटे एकच होते. अण्णा दोन्ही चष्मे लावून ते आटे बघत राहिले.

"म्हणजे पेटी कुठलीही चालते," ते हळूच म्हणाले. "डोळा महत्त्वाचा."

"येइच मैं तीन हफ्तेसे बोल रहा," रझाकभाई म्हणाले. ते खरंच बोलत होते की नाही, मला आठवत नाही.

मग पेटी निवडणं सोपं झालं. अण्णांनी तिन्ही कॅमेरे रिकामे ठेवून कानाला लावले आणि एकेका वेगावर कळ दाबून आवाज ऐकला, जसा ते मागाचा ऐकायचे. जर्मन कॅमेरा मंद वेगावर मध्येच अडखळत होता. "धागा अडकायलाय," म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. जपानीचा काटा बॅटरीवर चालायचा आणि तसली चपटी बॅटरी सोलापुरात मिळत नव्हती. रशियन कॅमेऱ्याला पाचच वेग होते. सगळ्यात जलद वेग सेकंदाचा पाचशेवा भाग. लांबच्या भिंगाला हात हलला तरी तेवढा वेग पुरतो, असं रझाकभाईंनी सांगितलं. "पाच घरं," अण्णा म्हणाले, "चुकायला जागा कमी." रशियन ठरला.

भिंगाचा प्रश्न मात्र सुटत नव्हता. किती लांबीचं? कुणी एकशे पस्तीस म्हणायचं, कुणी दोनशे, कुणी पाचशे. हे आकडे कशाचे आहेत तेही आम्हाला धड माहीत नव्हतं. अण्णांनी मग आपला मार्ग काढला. कॅमेऱ्याची पाठ उघडली, फिल्म बसते त्या जागी बटर पेपर चिकटवला, पडदा उघडा राहील असा ठेवला आणि स्टुडिओच्या गच्चीवरून समोर शंभर पावलांवर मला एक काठी घेऊन उभं केलं. एक मीटरची काठी, साधारण माळढोकाच्या उंचीची. बटर पेपरवर तिची उलटी आकृती पडली. अण्णांनी ती पट्टीनं मोजली आणि घरी जाऊन फिल्मच्या मापाचा चौकटीचा कागद काढला. चोवीस घरं उभी, छत्तीस आडवी, एक घर म्हणजे एक मिलिमीटर.

सोमवारी तो कागद माझ्यापुढं ठेवला. "हे बघा माने. साध्या भिंगात माळढोक अर्ध्या घरात येतो, जेमतेम ठिपका. एकशे पस्तीसमध्ये सव्वा घर, थोडा जास्त. तीनशेमध्ये तीन घरं. माझ्या मोराला साठ घरं लागतात. तीन घरांत मान कुठं काढायची?"

"मग पाचशेचं घ्या."

"पाचशेचं असलं तरी पाचच घरं. शिवाय त्यात उजेड कमी, वजन जास्त, आणि आपल्याला परवडत नाही." बोट कागदावरून फिरवत त्यांनी पुढचं वाक्य फार हळू म्हटलं. "मोठं भिंग नको. जवळ जायला पाहिजे. चाळीस पावलांवर गेलं तर तीनशेमध्ये साडेसात घरं."

साडेसात घरांत माळढोक बसेल, असं त्यांनी ठरवलं. रझाकभाईंनी मुंबईच्या ओळखीतून तीनशेचं एक जुनं भिंग मागवलं. ते लाटण्याएवढं लांब आणि काळं होतं आणि त्याला डबी नव्हती. त्याला एक विचित्र सवय होती. आधी पूर्ण उघडं ठेवून नेम धरायचा आणि कळ दाबण्याआधी एक कडं फिरवून ते आवळायचं. नाही आवळलं तर फोटो पांढरा पडायचा. अण्णांनी उशीच्या अभ्र्याची पिशवी शिवून घेतली आणि ते त्यात ठेवलं.

आता जवळ जायचं कसं? माझी बहीण नान्नजजवळ दिलेली. दाजींचं शेत माळाला लागूनच होतं. मी त्यांना विचारलं.

"माळढोक व्हय? हाय की," दाजी म्हणाले. "पर मानूस दिसला की पळतंय. बैलगाडीला न्हाई भीत. म्या रोज गाडीतनं बघतो."

"मान फुगवून नाचतो, ते बघितलंय का?" अण्णांनी विचारलं.

"घुमत्याला ऐकलंय. लांबनं. फुगल्याला न्हाई बघितला. बघायला कोन थांबतंय, बैल चरायला सोडायचे असत्यात."

अण्णांचा चेहरा उतरला आणि उजळला, दोन्ही एकदमच.

श्रावणात लागोपाठ तीन रविवार आम्ही दाजींच्या गाडीत कडब्याच्या पेंढ्यांमध्ये बसून माळावर गेलो. पहिल्या वेळी काहीच दिसलं नाही. दुसऱ्या वेळी दूर एक मादी दिसली, ती गवतात नाहीशी झाली. तिसऱ्या वेळी ढग होते आणि वारा पडला होता. दाजींनी बैल थांबवले. मला आधी आवाज आला. मोठ्या रांजणात कुणीतरी 'हूंम' म्हणावं तसा. मग अण्णांनी माझा हात धरला.

माळाच्या उंचवट्यावर तो उभा होता. मान फुगलेली, पांढरी पिशवी गवताला टेकलेली, शेपटी पाठीवर उलटलेली. अण्णांनी काढलं होतं अगदी तसाच. मी बघतच राहिलो. वर्षभर मनातल्या मनात मी त्यांना भ्रमिष्ट समजत आलो होतो.

दाजींनी गाडी तिरकी तिरकी नेली. पन्नास पावलं, मग चाळीस. अण्णा कॅमेऱ्याला डोळा लावून होते. कळेचा आवाज सात वेळा आला. आठव्यांदा आला नाही. त्यांनी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि नुसतेच बघत बसले. मी म्हणालो, "अण्णा, काढा की." ते म्हणाले, "दुसरा कुठं आहे?"

"दुसरा कोण?"

"दोन होते. समोरासमोर."

दाजींनी मागं वळून बघितलं. "दोन नर एका जागी न्हाई नाचत अण्णा. एकानं जागा धरली की दुसऱ्याला येऊ देत न्हाई."



फिल्म धुतली तेव्हा सातपैकी पाच फोटो पांढरे होते. घाईत कडं आवळायचं राहून गेलं होतं. एक हललेला होता. एक नीट होता. त्यात माळढोक होता, गवत होतं आणि मागं दाजींच्या शेताच्या बांधावरची बाभळ होती. अण्णांनी निगेटिव्हवर पट्टी लावली. साडेसात घरं, अगदी बरोबर. त्यांना आनंद झाला असेल असं मला वाटलं, पण ते फोटो उलटा करून बसले.

"चादरीची नक्षी अर्धीच काढतात माने," ते म्हणाले. "अर्धी काढली की दुसरी अर्धी आरशासारखी आपोआप पडते. मी तीस वर्षं तशीच काढतोय. तो पक्षीसुद्धा मी तसाच काढत आलो. एकाचे दोन कधी झाले, मला कळलंच नाही." मग म्हणाले, "पण भाऊ म्हणायचा, हो, बघितले. दोघंही बघितले, असंच म्हणायचा."

मालकांनी शब्द पाळला. अण्णांनी नवा कागद काढला, चादरीच्या एका कोपऱ्यात एकच माळढोक. बाकी चादर मोकळी. जोडी नाही, आरसा नाही. चादरी निघाल्या आणि गोदामात पडून राहिल्या. व्यापारी विचारायचे, दुसऱ्या बाजूचं विणायचं राहिलं का? मालकांनी पुढचा घाणा काढला नाही. अण्णांनी त्याबद्दल तक्रार केली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ते करीमनगरकडे गेले. भावाची बायको तिथं मुलीजवळ राहत होती. तिला ते वदिना म्हणत, म्हणजे वहिनी. फोटो बरोबर नेला होता. परत आल्यावर तीन दिवस कामात होते. चौथ्या दिवशी पार्सलांच्या खोलीत येऊन माझ्यासमोर बसले.

"वदिनाला विचारलं," ते म्हणाले. "भाऊ तिला सांगत असे. म्हणायचा, त्या दिवशी माझ्या पायात काटा गेला होता. मी खाली बसून काटा काढत होतो. पोरगं ओरडत होतं, बघ बघ म्हणून. मी वर बघितलं तोवर काही नव्हतं. पण ते इतकं खूश होतं की मी म्हटलं, हो, बघितलं."



"जन्मभर हो म्हणत राहिला," अण्णा म्हणाले. "मी दोन म्हटलं की दोन. मी तीन म्हटलं असतं तर तीन म्हणाला असता." त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, पुन्हा वर सरकवला. "मग मी चिडायला पाहिजे, नाही का? पण मला चिडता येईना. वदिनासमोर बसून मी रडलो की हसलो तेही नक्की आठवत नाही."

त्याबद्दल मी त्यांना काही विचारलं नाही आणि त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. कॅमेरा त्यांनी विकला नाही, वापरलाही नाही. कधी तरी पिशवीतून काढून कानाला लावायचे, कळ दाबायचे आणि परत ठेवायचे.

पुढं मी ती नोकरी सोडून बार्शीला लागलो. अण्णा निवृत्त झाले होते. भेटी थांबल्या. एका पावसाळ्यात मी सोलापूरहून एसटीनं बार्शीला चाललो होतो. नान्नज मागं टाकल्यावर खिडकीतून मला माळाच्या कडेनं चाललेली बैलगाडी दिसली. गाडी दाजींची होती, बैल ओळखीचे होते. मागं कडब्यात अण्णा बसले होते, आणि त्यांच्याशेजारी डोक्यावरून पांढरा पदर घेतलेल्या एक म्हाताऱ्या बाई. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्या वदिनाच असणार हे मला लगेच कळलं.

अण्णा हात लांब करून माळावर काहीतरी दाखवत होते. एसटीतून मला तिथं नुसतं गवत दिसत होतं. बाई मात्र तिकडं बघत नव्हत्या. त्या अण्णांच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि हो, हो म्हणून मान हलवत होत्या.